न हलणाऱ्यांतून जिवंत शोधताना

आमच्या टेस्ट-ट्यूब बेबी प्रयोगशाळेत त्या सकाळी एका जोडप्याची नऊ स्त्रीबीजे मिळाली, त्यांपैकी आठ पक्व होती, आणि पतीच्या नमुन्यात एकही शुक्राणू हलत नव्हता. बाहेरच्या प्रयोगशाळेच्या जुन्या अहवालात थोडी हालचाल नोंदलेली होती. अशा वेळी दोन तासांनी दुसरा नमुना मागवतात, कारण ताज्या नमुन्यात कधीकधी हालचाल सापडते. तो मागवला, पण त्यातही तेच चित्र होते. इओसिन हा फक्त मेलेल्या शुक्राणूत शिरणारा रंग लावून पाहिला, तर निम्म्याहून अधिक शुक्राणूंनी रंग घेतला नाही. म्हणजे ते जिवंत होते, फक्त हलू शकत नव्हते. मात्र रंग लावलेला शुक्राणू बीजात सोडता येत नाही, त्यामुळे या माहितीने धीर आला तरी निवडीचा प्रश्न तसाच राहिला.

फाइलमध्ये मात्र निवडीची पद्धत आधीच ठरलेली होती: पिक्सी. पिक्सीच्या डिशमध्ये हायलुरोनिक आम्लाचे, म्हणजे बीजाभोवती असणाऱ्या पदार्थाचे, ठिपके असतात. परिपक्व शुक्राणूचे डोके त्यांना चिकटते आणि शेपटी जागच्या जागी वळवळत राहते. चिकटलेला कोणता, हे त्या वळवळीवरूनच कळते. शेपटीच हलत नसेल, तर ठिपक्याला धरून बसलेला आणि नुसता त्यावर पडलेला शुक्राणू अगदी सारखे दिसतात. हे समुपदेशनाच्या खोलीत कोणी सांगितले नव्हते. समुपदेशक म्हणून बसवलेली माणसे जेव्हा दरपत्रक पुढे सरकवून ‘सर्वोत्तम शुक्राणू’ देऊ करतात, तेव्हा मला मनापासून संताप येतो. ब्रिटनमध्ये २७७२ जोडप्यांवर झालेल्या आणि २०१९मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत पूर्ण दिवसांच्या जिवंत बाळांचे प्रमाण पिक्सीने २७.४ टक्के आणि साध्या इक्सीने, म्हणजे नुसता पाहून निवडलेला शुक्राणू सुईने बीजात सोडण्याच्या पद्धतीने, २५.२ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. गर्भपात कमी झालेले दिसले, ती बाब दखल घेण्यासारखी आहे, पण त्यातून खात्री विकण्याचा अधिकार मिळत नाही.

मी बाहेर जाऊन पतीला हे समजावले. ते म्हणाले, “मॅडम, आम्ही त्याचे वेगळे पैसे भरले आहेत. आता साधी पद्धत वापरली म्हणून आमचे नुकसान तर होणार नाही ना?” मी सांगितले की, तुमच्या नमुन्याला उपयोगी पडेल तीच पद्धत वापरते आहे. दोघांनी नव्या संमतिपत्रावर सही केली.

मग कमी क्षारांच्या द्रावणाचा थेंब घेतला आणि एकेक शुक्राणू सुईने उचलून त्यात सोडला. पेशीचे आवरण शाबूत असेल तर पाणी आत शिरते, शेपटी फुगते आणि टोकाशी वळते. मेलेल्याची शेपटी सरळच राहते. काहींची शेपटी पूर्ण गुंडाळली गेली, ते मी बाजूला सोडले. मला हवे होते ते फक्त टोकाला बारीक आकडा झालेले, डोके नीट लंबगोल असलेले. असा शुक्राणू लगेच नेहमीच्या द्रावणात आणून धुतला की आकडा हळूहळू उलगडतो. हे काम घाईचे नाही, आणि तरी बीजांसाठी वेळ मोजका असतो. प्रत्येक बीजाचे ध्रुवपिंड, म्हणजे कडेची छोटी पेशी, बारा वाजण्याच्या दिशेला ठेवून, तीनच्या बाजूने सुई आत घेतली. आमच्या तरुण सहकाऱ्याने इतका वेळ न बोलता डिशचे तापमान आणि थेंबांचा क्रम सांभाळला. त्याच्या त्या शिस्तीचे मोल कोणत्याही बिलात दिसणार नाही.

दुसऱ्या सकाळी पाच बीजांत दोन-दोन प्रकेंद्रके (एक बीजाचे, एक शुक्राणूचे) दिसली, म्हणजे ती फलित झाली होती. पुढे गर्भ तयार झाले आणि ते गोठवून ठेवले आहेत; गर्भारोपण अजून व्हायचे आहे. शेपटीतला दोष जनुकीय असू शकतो, म्हणून जोडप्याला जनुकतज्ज्ञाकडे पाठवले. ही तपासणी आधी व्हायला हवी होती, असे मला राहून राहून वाटते: वर्षभर उपचार घेणाऱ्या जोडप्याला पिक्सी सुचवली गेली, पण शुक्राणू का हलत नाहीत, हे कोणी विचारले नाही.

नोंदवहीत मी ‘निवड: अल्पक्षार द्रावण चाचणी’ असे लिहिले. बिलात पिक्सीच होते. ते बदलून घेण्यासाठी लेखी पत्र द्यावे लागले, आणि जोडप्याला पैसे परत मिळाले. दरपत्रकात मात्र ती ओळ अजून तशीच आहे, आणि हालचाल नसलेल्या नमुन्यांना ती लागू नाही, एवढे वाक्य तिथे घालण्याची माझी मागणी व्यवस्थापनाकडे पडून आहे.