लग्नपत्रिकेपासून मोबाइलच्या पानापर्यंत : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छापील कामं करून देण्याचं, दुकान २००६ साली सुरू झालं. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि लग्नसराईचे चार महिने, एवढ्यावर घर चालायचं. मी टायपिंग करायचे, डिझाइन हे बघायचे. श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर बोटं अशी बसली होती की कीबोर्डकडे बघायची गरज पडत नसे. वेबसाइटचं पहिलं काम आलं ते मुलीची पत्रिका छापायला आलेल्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीवाल्या काकांकडून. "पार्टी वेबसाइट मागतीया वहिनी, पत्रिका एवढी झकास करता, ती पण तुम्हीच करा की."

शिकून केली. मग लॉज, क्लास, दवाखाने, दागिन्यांची दुकानं अशी कामं येत गेली. त्या काळी आमची एक पद्धत होती आणि पुढे तीच आम्हाला महागात पडली. श्री-लिपीतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या सामायिक अक्षरसंकेतात, नसायचा, त्यामुळे ज्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही त्याला मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसायची. यावर आम्ही उपाय काढला होता : मजकूर टाइप करायचा, त्याचं चित्र करायचं आणि ते चित्र पानावर लावायचं. पत्ता चित्रात, दर चित्रात, फोन नंबरही चित्रातच. वर फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधला फिरता बॅनर. दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर ते इतकं देखणं दिसायचं की गिऱ्हाईक तिथेच चेक फाडायचं.

पहिली तक्रार आली महाद्वार रोडजवळच्या एका लॉजच्या मालकीणबाईंची. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्या म्हणाल्या, "अगं, स्टँडवर उतरलेली माणसं मोबाइलवर आपली साइट उघडतात आणि मग रिक्षावाल्यालाच लॉज विचारतात." त्या संध्याकाळी मी फोन घेऊन मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन उभी राहिले. खांद्यावर पिशवी, एका हातात फोन, आजूबाजूला गाड्यांचा गोंगाट. मावशींची साइट उघडली. वरचा अर्धा भाग कोरा, कारण फ्लॅश आयफोनवर कधी चाललंच नव्हतं आणि अँड्रॉइडवरही २०१२नंतर बंद झालं होतं. खाली मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं. दोन बोटांनी पान मोठं केलं तर नंबरचे शेवटचे चार आकडे पडद्याबाहेर गेले. शिवाय तो नंबर चित्रात, म्हणजे दाबून फोन लागणार नाही. पाठ करायचा आणि मग लावायचा. लेकराला कडेवर घेतलेली बाई हे कशाला करेल?

असं का होतं ते नंतर समजलं. जे पान मोबाइलसाठी केलेलं नाही, ते साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं फोनचा ब्राउझर धरून चालतो आणि ते अख्खं आपल्या छोट्या पडद्यावर मावेल एवढं लहान करतो. पडदा ३६० पिक्सेलचा असला तर १४ पिक्सेलचं अक्षर जेमतेम ५ पिक्सेलचं उरतं. पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टची एक ओळ घातली की ब्राउझर पडद्याची खरी रुंदी धरतो. पण नुसती ती ओळ घालून भागत नाही, मांडणीही तशी लवचिक करावी लागते. वेब डिझायनर इथन मार्कोट यांनी २०१०मध्येच या पद्धतीला रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन असं नाव दिलं होतं. आमच्यापर्यंत ती पोचायला चार वर्षं गेली.

मावशींचं पान नीट केलं, बाकीची तशीच राहिली. आणि तेवढ्यात आम्ही मोबाइलवरच्या जाहिरातींची कामं घ्यायला लागलो. हा क्रम चुकला. २०१५च्या एप्रिलमध्ये देवगडच्या एका आंबा बागायतदारांनी १५ हजार रुपये आमच्या हवाली केले. हंगाम मोजून दोन महिन्यांचा. आठ दिवसांत पैसे संपले, हजारांवर क्लिक झाले आणि फोन आले दोन. हे बागायतदार काका एवढंच म्हणाले, "वहिनी, एवढी माणसं आली ती गेली कुठे?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट उघडून एकेक ओळ वाचली. जाहिरात ज्या ॲपमध्ये दिसली त्यांत निम्म्याहून जास्त मुलांचे खेळ आणि टॉर्चची ॲप. खेळता खेळता पोराचं बोट जाहिरातीवर पडलं की आमचे पैसे गेले. ही ॲप वगळण्याची सोय होती. आम्ही ती वापरली नव्हती. जी खरी माणसं आली, त्यांच्यापुढे ३ एमबीचा पेटीचा फोटो. टूजीवर १०० केबीपीएसच्या आसपास वेग मिळाला तर तो उतरायला चार मिनिटं लागतात. आंबा कितीही गोड असो, एवढा वेळ कोण थांबतं! आणि इतकं करून पान उघडलंच, तर नंबर पुन्हा चित्रात.

चूक सगळी आमची होती. मजुरी परत केली आणि जाहिरातीचे १५ हजारही दोन हप्त्यांत भरून दिले. ह्यांनी त्यासाठी नव्या प्रिंटरचा बेत पुढे ढकलला. त्याच महिन्यात, २१ एप्रिलला, गुगलनं मोबाइलवरच्या शोधात मोबाइलजोग्या पानांना वरची जागा द्यायला सुरुवात केली. आमच्या गिऱ्हाइकांच्या साइट खाली जाणार हे उघड होतं. तेव्हा ठरवलं, जुनं सगळं पुन्हा करायचं, तेही पैसे न घेता.

त्या पावसाळ्यात मी इनस्क्रिप्ट, म्हणजे युनिकोडमध्ये टाइप करायची कीबोर्डची मांडणी, शिकले. नऊ वर्षं बसलेली बोटं मोडून नव्यानं बसवणं सोपं नव्हतं. चित्रांतला मजकूर समोर ठेवून एकेक पान युनिकोडमध्ये टाइप केलं. जुन्या काही अँड्रॉइड फोनवर जोडाक्षरं फुटायची, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जायची. म्हणून एक तसला जुना फोन मुद्दाम विकत घेतला. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेला ‘मुक्त’ हा मोफत फॉन्ट आमच्या हाती आला आणि मराठी पान छोट्या पडद्यावरही ठसठशीत दिसू लागलं. नंबर मात्र आम्ही पानाच्या तळाशी, अंगठा पोचेल तिथे, बटणासारखा ठेवतो. दाबला की फोन लागतो.

पुढच्या हंगामात काकांना मी स्वतःहून फोन केला. त्यांनी पुन्हा विश्वास टाकला, हे मी कधी विसरणार नाही. या वेळी आधी त्यांची दिनचर्या विचारली. सकाळी ते बागेत, दुपारी पेट्या भरणं, फोन उचलायला फुरसत चारनंतर. म्हणून जाहिरात दुपारी ४ ते रात्री ९ एवढीच, फक्त पुणे आणि मुंबईत, आणि दाबली की थेट फोन लागणारी. मेच्या मध्याला त्यांनी जाहिरात बंद करायला सांगितलं, कारण पेट्या उरल्या नव्हत्या.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि गावोगावी डेटा स्वस्त झाला, तशी आमची कामं वाढली. आज आम्ही पाच जण आहोत. उघडताक्षणी अख्खं पान झाकणारी ऑफरची चौकट घाला असा आग्रह अजून होतो. आम्ही नाही म्हणतो. गुगलही जानेवारी २०१७पासून अशा पानांना मागे टाकतं, पण ते नसतं तरी आम्ही नाहीच म्हटलं असतं. दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर पाटी धरायची नसते.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कितीतरी माणसं शहरात अडकली. नेटवर्क येऊन जाऊन होतं. मावशींचा फोन आला, "साइटवर लिही, खोली आणि जेवण आहे, पैशाचं बघू नका." दोन ओळी वर टाकल्या. त्यांचं पान तोवर जेमतेम २०० केबीवर आणलेलं होतं, त्यामुळे तशा नेटवर्कवरही उघडायचं. तीन दिवस मावशींचा फोन खाली ठेवला गेला नाही.

जुना फोन अजून माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. नवं पान झालं की आमच्यापैकी कुणीतरी तो घेऊन स्टँडवर जातं आणि एका हातानं नंबर लागतो का ते बघून येतं.

यंदा मार्चअखेरीला देवगडहून फोन आला. मोहोर उशिरा आला होता. काका म्हणाले, "१० एप्रिलनंतर चालू करा वहिनी. आणि वेळ तीच, चारनंतरची."