जंक्शनवरून आत

कंडक्टरने "जंक्शन, जंक्शन" अशी हाळी दिली आणि मी सॅक उचलून उतरलो. रूळ नाहीत, फलाट नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावरचा फाटा, दोन-चार टपऱ्या आणि वडापची जीप. पुणे जिल्ह्यात असं आगगाडीविना जंक्शन आहे, हे स्वारगेटला एसटीत बसेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. वालचंदनगरला वळायचं ते इथूनच.

बारामती सोडल्यापासून खिडकीत ऊसच ऊस. मूळचा हा मुलूख कोरडाच. ही हिरवाई नीरा डाव्या कालव्याची. इंग्रजांनी तो आणला दुष्काळावर तोड म्हणून. 1932 मध्ये साखर उद्योगाला सरकारी संरक्षण मिळालं आणि देशभर कारखाने निघाले. बोगदे खणून, रेल्वेची कंत्राटं घेऊन मोठे झालेले सोलापूरचे वालचंद हिराचंद त्याच दशकात इथे कळंबला आले. पण नुसता कारखाना उभारून काय होणार? गाळायला ऊस हवा, आणि ऊस लावायला हजारो एकर सलग रान. ते त्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने, म्हणजे भाडेपट्ट्याने घेतलं. वालचंदनगरचा खरा पाया हा करार, असं मला तिथे फिरताना वाटत राहिलं.

वसाहतीत रस्ते सरळ, क्वार्टर्स ओळीने. आपल्याकडची गावं अशी नसतात; ती ओढ्याकाठी, देवळाभोवती हवी तशी पसरतात. हे कुणीतरी कागदावर आखलेलं.

चहाच्या टपरीवर एक म्हातारबाबा भेटले. "भोंग्यावर घड्याळ लावायचं गाव," ते म्हणाले. पुढे इथल्या वर्कशॉपात साखर कारखान्यांची यंत्रं झाली, अणुभट्ट्यांचे भाग झाले, इस्रोच्या रॉकेट मोटरची आवरणंसुद्धा. बाबांना मात्र त्याचं विशेष काही नव्हतं.

"आमचे आजोबा खंडकरी," एवढंच त्यांनी दोनदा सांगितलं. खंडकरी म्हणजे कारखान्याला जमीन खंडाने देणारे मूळ मालक.

1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खाजगी कारखान्यांचे मळे गेले, पण जमीन मूळ मालकांकडे न येता सरकारच्या शेती महामंडळाकडे गेली. ती परत मिळवायला खंडकऱ्यांना पिढ्या घालवाव्या लागल्या.

"मिळाली का मग?"

"मिळाली. वाटण्या होऊन वाट्याला किती आली, ते नका विचारू."

चहाचे पैसे त्यांनीच दिले. जंक्शनला परतलो तेव्हा बारामतीची गाडी नुकतीच निघून गेली होती.