तुम्ही विचारलंत म्हणून: दातांच्या संशोधनात रुग्णाचं काय काम?

हा प्रश्न नेहमी येतो: संशोधन दंतवैद्यांचं, आकडेमोड संख्याशास्त्रज्ञांची, मग संशोधनाची आखणी करायच्या बैठकीत सल्ला द्यायला रुग्ण कशाला? त्याला त्यातलं काय कळतं?

शास्त्र कळावं अशी अपेक्षाच नसते. त्याला विचारायचं असतं ते एवढंच, की मोजायचं काय आणि मोजताना माणसांना काय सोसावं लागेल. हिरड्यांचा आजारच घ्या. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत खुणा केलेली बारीक सळई (प्रोब) घालून एकेका दाताभोवती 6 जागी खोली मोजतात. 6 मिलिमीटरचे 4 झाले की संशोधक खूश. पण फट उथळ होते ती बरीचशी सूज उतरून हिरडी मागे सरकल्यामुळे, आणि त्याच कारणानं दाताचं मूळ उघडं पडतं. दात लांब दिसतात, थंड पाणी झोंबतं, फटींत घास अडकतो. तक्त्यात ज्याची नोंद यश म्हणून होते, त्यावर रुग्ण म्हणतो, ‘साफसफाई केल्यापासून दात बिघडले.’ दोघंही खरं बोलतात. म्हणून झोंबणं, घास अडकणं आणि तोंडाचा वास हे रकाने तक्त्यात सुरुवातीपासून हवेत, आणि ते सुचवतो तो रुग्णच.

एक घोळ मात्र टाळायला हवा. प्रयोगात भाग घेणारा वेगळा, सल्ला देणारा वेगळा. 1965 सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणं बंद केलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणं सुरू केल्यावर पुन्हा ठीक झाल्या. ते सगळे सहभागी होते. असा प्रयोग आज आखायचा तर सल्लागार विचारेल, ‘एवढे दिवस कामावर चार माणसांत तोंड कसं उघडायचं?’ त्यावर तोंडाच्या एकाच बाजूला, थोड्या दातांपुरतं घासणं थांबवावं असा पर्याय पुढे येतो. सल्लागाराला न विचारता आखणी केली, तर लोक मधेच सोडून जातात किंवा गुपचूप ब्रश फिरवतात. दुसरं जास्त वाईट, कारण ते कळतच नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. 5-6 जण पुरे, पण एकटा रुग्ण कधीच नको, दहा तज्ज्ञांपुढे तो गप्प बसतो. कवळी वापरणारा, लहान मुलाचा पालक आणि खुर्चीची धास्ती असलेला माणूस हवाच. नियमित तपासणीला येणारे सहज मिळतात, म्हणून सगळे तेच भरले जातात, आणि दवाखान्याकडे न फिरकणाऱ्यांचं म्हणणं राहूनच जातं. बैठक ड्रिलचा आवाज पोचणार नाही अशा खोलीत, दीड तासाची. कागद दोन पानांचे, मोठ्या अक्षरांत, आठवडाभर आधी. प्रवासखर्च आणि मानधन किती ते बोलावतानाच सांगायचं. बैठक चालवणारा त्यांच्यापैकी कुणाचा उपचार करणारा डॉक्टर नसावा. आपल्या डॉक्टरला तोंडावर ‘हे चुकतंय’ म्हणणं कुणालाही जड जातं.

सहभागींना द्यायचं माहितीपत्रक या सल्लागारांकडून मोठ्यानं वाचून घ्या. ‘यादृच्छिक वाटप’ येताच वाचणारा अडखळतो. तिथे लिहा: ‘तुम्हाला कोणता उपचार मिळेल हे संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवेल; तुम्ही किंवा डॉक्टर निवडू शकणार नाही.’ दुसरा भाग गाळू नका. अनेकांना वाटतं, डॉक्टरांनी आपल्याला योग्य तेच निवडलं असेल.

मुलांच्या बाबतीत पालकांना विचारून भागत नाही. किडलेल्या दातांचा मुलांना होणारा त्रास मोजायला ‘कॅरीज-क्यूसी’ नावाची 12 प्रश्नांची प्रश्नावली आहे, ती मुलांशीच बोलून तयार झाली. दुखण्याबरोबरच दातात अन्न अडकतं का, हेही त्यात विचारलंय.

सगळ्यात जास्त फसतं ते वेळेपायी. आराखडा मंजूर, पैसे मिळाले, आणि मग रुग्णांना बोलावणं म्हणजे वरातीमागून घोडं. तेव्हा ते फार तर पत्रकातले शब्द बदलू शकतात. काय मोजायचं आणि किती वेळा बोलवायचं हे ठरण्याआधीच त्यांना बसवा.

त्यांची प्रत्येक सूचना मानायलाच हवी असं नाही. उपचार निवडू द्या म्हटलं तर तुलनाच कोलमडते, तिथे नाही म्हणावं लागतं. पण बैठकीनंतर दोन आठवड्यांत तीन रकान्यांचा कागद त्यांच्या हाती पडायला हवा: काय सुचवलंत, काय बदललं, काय बदललं नाही आणि का. हा कागद गेला नाही, तर पुढच्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या राहतात.