विचारून काढता का?

हा प्रश्न मला प्रदर्शनात विचारतात, नात्यातल्या लग्नात विचारतात, मागच्या महिन्यात मुलीच्या शाळेतल्या बाईंनी पालकसभा संपल्यावर थांबवून विचारला. रस्त्यावरच्या माणसांचे फोटो तुम्ही विचारून काढता का? मी आजवर समोरच्याचा सूर बघून उत्तर देत आले. आरोप वाटला की कायदा सांगायचा, कुतूहल वाटलं की दोन गमतीचे प्रसंग सांगून वेळ मारून न्यायची. त्याचा मलाच कंटाळा आलाय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळंच लिहिते.

नाही. बहुतेक वेळा विचारत नाही.

विचारलं की माणूस केस सारखे करतो, पदर घेतो, पोराला पुढे ओढतो. तो फोटोही चांगला येतो, पण त्यात त्याने मला दाखवायचं ठरवलेलं असतं तेवढंच असतं. मला त्याच्या आधीचं हवं असतं. आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडवर ओटीचं सामान विकणारी बाई दुपारी गिऱ्हाईक नसताना चिल्लर मोजते ते. खासबागेच्या कुस्ती मैदानात हरलेला पैलवान लाल मातीने भरलेली पाठ घेऊन गर्दीतून एकटाच बाहेर पडतो ते. त्याला त्या क्षणी गाठून “काढू का?” म्हणून विचारणं मला फोटो काढण्यापेक्षा जास्त निर्दय वाटतं. हे तुम्हाला पटणार नाही, माहीत आहे. माझ्या नवऱ्यालाही पटत नाही.

कायद्याचं म्हणाल तर रस्त्यावर, बाजारात, घाटावर फोटो काढायला आधी परवानगी घ्या असं सांगणारा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. बंधनं आहेत ती विशिष्ट आहेत. 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याखाली जी ठिकाणं निषिद्ध ठरवली आहेत तिथे नाही. स्त्री खासगी अवस्थेत असताना, कोणी बघत नसेल अशी तिला खात्री असताना तिचा फोटो काढणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, आता न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये आहे. अंबाबाईच्या देवळात आत फोटो काढू देत नाहीत, तो त्या जागेचा नियम आहे आणि मी तो पाळते. बाकी रस्ता सगळ्यांचा आहे.

हे मी इतकं घट्ट धरून बसते त्याला कारण आहे. जुलै 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी बघायला लोटलेली गर्दी मी टिपत होते. बंदोबस्तावरच्या एका माणसाने कॅमेरा मागितला आणि सगळे फोटो डिलीट करायला लावले. कोणत्या कलमाखाली, असं मी विचारलं तर “मॅडम, वाद घालू नका.” मी वाद घातला नाही, घाबरले होते. नंतर वकील मैत्रिणीने सांगितलं की एखाद्या गुन्ह्याशी संबंध असेल तर पोलीस वस्तू जप्त करू शकतात, त्याची नोंद होते, ती न्यायाधीशापर्यंत जाते. जागच्या जागी पुसायला लावायचा अधिकार कोणालाच नाही. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर पोलीस ठाणंसुद्धा त्या 1923 च्या कायद्याखालची निषिद्ध जागा नाही, तिथे व्हिडिओ काढणं त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असं म्हटलं. एकदा का “आधी विचारा” ही सवय झाली की विचारून घ्यायला सगळ्यात आधी असले लोक पुढे येतील, चिल्लर मोजणारी बाई नाही. माझं हे मत आजही तेच आहे.

पण तुम्ही जे विचारता त्याचं खरं उत्तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आहे, आणि ते मी टाळत आले.

मंगळवार, 14 नोव्हेंबर 2017. संध्याकाळचे साडेपाच. कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या होत्या, धार काढणं चालू होतं, ग्लास घेऊन माणसं थांबली होती. तिरपं ऊन भिंतीवर आलं होतं. एक पस्तिशीतला माणूस डोळे मिटून दूध पीत होता. एक हात त्याने म्हशीच्या पाठीवर टेकवला होता, म्हैस त्याच्या घरची असावी तसं. ओठांवर फेस. मी पाच फ्रेम घेतल्या. त्याने बघितलंही नाही. तिसरी फ्रेम माझ्या आजवरच्या कामातल्या चांगल्या फोटोंपैकी आहे, हे मी आजही म्हणते. त्या रात्री ती मी फेसबुकवर टाकली. खाली नेहमीसारखं लिहिलं: गंगावेश, मंगळवार, 14 नोव्हेंबर 2017, सायं. 5.30. जागा, वार, तारीख, वेळ मी कधी सोडत नसे. तारखेशिवाय फोटो म्हणजे नुसतं चित्र, असं मी पोरांना शिकवायचे.

फोटो खूप फिरला. गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर “आपलं कोल्हापूर” म्हणून गेला. मला आनंद झाला, तो लपवत नाही.

पुढच्या मंगळवारी मी परत कट्ट्यावर गेले तर तो माणूस उभाच होता. मी मंगळवारी येते हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तो रागावलेला नव्हता, म्हणून मला वाटलं फोटो मागायला आलाय. मी हसलेसुद्धा. त्याने मोबाइल पुढे केला.

“ताई, ह्यो मीच हाय. फोटो झ्याक आलाय. पर तारीख कशाला घातलीसा?”

तो एका फौंड्रीत ठेकेदाराकडे होता. त्या मंगळवारी त्याने आजारी आहे म्हणून कळवलं होतं. ठेकेदाराने फोटो बघितला, खाली तारीख बघितली आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला.

“तीन नाइट सलग झालत्या. अंग ठणकत हुतं, ते काय खोटं न्हवं. दिवसभर झोपलो आन् सांजच्याला दूध प्यायला आलो. आजारी माणसानं दूध पिऊ न्हाई व्हय?”

मी काय बोलले ते सांगते, कारण इतक्या वर्षांत मी ते कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, “तुम्ही रस्त्यावर उभे होतात.” त्याने मला दोष दिला नव्हता, तरी मी हेच म्हणाले. मग सावरून म्हणाले, फोटो लगेच काढून टाकते. तो म्हणाला, “काढून काय उपेग? त्यानं बघिटलाय.” थोडं थांबून त्याने जे मागायचं होतं ते मागितलं.

“तारीख चुकली म्हनून सांगा की. सोमवारचा हुता, नाहीतर गेल्या महिन्यातला हुता म्हना. एक फोन करा. माझं काम हुईल.”

मी नाही म्हणाले. मी त्याला फोटोच्या खरेपणाबद्दल सांगितलं. माझ्या तारखांवर लोक विश्वास ठेवतात, एक खोटी सांगितली तर बाकीच्या सगळ्या संशयात जातात, वगैरे. तो ऐकत होता. पैसे देऊ केले तर “नगो, नगो” म्हणत मागे सरला. ठेकेदाराशी बोलते, तीन रात्री काम केल्यावर माणूस आजारी पडणारच असं सांगते, असंही म्हणाले. तो म्हणाला, “त्ये त्याला म्हाईत हाय की.” आणि गेला. त्याचं नाव मी विचारलं नाही. पाच फ्रेम घेतल्या, अर्धा तास बोलले आणि नाव विचारलं नाही.

त्याच वर्षी 24 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला होता. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, हेही त्यात आहे. मी तेव्हा तो फक्त आधार कार्डाच्या बातम्यांमधून वाचला होता. पण तो आधी नीट वाचला असता तरी मी फोटो काढलाच असता, आणि काढण्यात मला आजही चूक दिसत नाही. चूक झाली असेल तर खालच्या ओळीत. की त्या फोन न करण्यात? तेव्हाच्या मला खात्री होती. मी तिच्याशी भांडते, “एका माणसाच्या पोटापुढे तुझी तारीख काय मोठी लागून गेली?” आणि ती मला म्हणते, “मग पुढच्या वेळी बंदोबस्तावरचा माणूस तारीख बदल म्हणाला तर?” तिला उत्तर नाही माझ्याकडे.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी तारखा घालणं बंद केलं. मग ऑगस्ट 2019 चा पूर आला. गणपती महिन्याभरावर होते, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं, तयार मूर्ती भिजून गेल्या. मी फोटो काढले, अर्थात न विचारता. पाणी उतरल्यावर पंचनामे सुरू झाले तेव्हा तिथल्या एका काकांचा फोन आला, “ताई, त्या दिवशीचे फोटो हायत नव्हं? तारखेसकट द्या.” मी दिले. तारखा परत घालायला लागले.

आणखी एक सांगते, कारण ते लपवलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षी रंकाळ्यावर बाकावर बसले असताना एका पोराने माझा फोटो काढला. मी त्याला तो पुसायला लावला. तो म्हणाला, “पब्लिक प्लेस आहे, मॅडम.” मला संताप आला. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मला कळत होती, कुठल्याही बाईला कळते, आणि मी तशा नजरेने कोणाकडे बघत नाही. पण ही गोष्ट समोरच्याला फोटोवरून कशी कळावी? बंदोबस्तावरच्या माणसाने माझ्याशी केलं तेच मी त्या पोराशी केलं. फरक आहे असं मला वाटतं. तो सिद्ध करता येत नाही.

तर, विचारून काढते का? अजूनही नाही. टाकण्याआधी आता चेहरे बघते, कोणाच्या कामाची वेळ असेल का, कोण कोणासोबत उभं आहे, ते बघते. बऱ्याचदा कळत नाहीच.

तिसरी फ्रेम मी पुन्हा कुठेही लावलेली नाही. पुढच्या महिन्यात शाहू स्मारकला वीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन आहे आणि ती त्यात हवी असं निवड करणारे सगळे म्हणतात. लावली तर तारखेसकट लावावी लागेल. या वेळी त्याला विचारावं म्हणून तीन मंगळवार कट्ट्यावर जाऊन आले. दूधवाल्यांना फोटो दाखवला. हल्ली दिसत नाही, म्हणाले.