गल्लीवरून नदीकडे: बावड्यातली ड्रोनची नोंद

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात पंचगंगेचं एकच वळण वर्षभर ड्रोननं त्याच उंचीवरून आणि त्याच कोनातून टिपायचं, हा माझा उद्योग इथल्या मंडळींना ठाऊक आहे. राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाचं पाणी, काठचा ऊस, मळ्यात जाणारी वाट, यांत महिन्यागणिक काय बदलतं ते एकापुढं एक लावून बघायचं. चित्रं आता जमायला लागलीत, कोनही जुळतोय. या खेपेची नोंद मात्र चित्रांची नाही. गच्चीवरून ड्रोन उठतो आणि गल्ली ओलांडून नदीच्या दिशेला लागतो, तेवढ्या थोड्या वेळावर मी यंदा सगळ्यांत जास्त मेहनत घेतली. लोकांनी आपल्या छंदाला आपलं म्हणायचं की हाकलून लावायचं, ते त्या थोड्या वेळातच ठरतं असं माझं ठाम मत झालंय.

सुरुवात समोरच्या घरातल्या आक्कांच्या प्रश्नानं झाली. "ते वर घुमतंय, त्यात आमची गच्ची दिसती काय रं?" प्रश्न नेमका होता, तेव्हा उत्तरही नेमकं द्यायला हवं होतं. "नाही दिसत" म्हणणं सोपं होतं, पण ते खरं नव्हतं. मी आक्कांना, त्यांच्या सुनेला आणि शेजारच्या तात्यांना गच्चीवर बोलावलं. रिमोटचा स्क्रीन त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्यासमोर ड्रोन हळूहळू वर नेला.

हिशेब असा आहे. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स २४ मिमीच्या तोडीची, फोटो आडवा ४००० पिक्सेलचा. कॅमेरा सरळ खाली धरून १५ मीटरवरून बघितलं तर साधारण २२ मीटर रुंदीची जागा फ्रेममध्ये येते, म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा मोठा. माणसाचं डोकं पंचविसेक पिक्सेलांत बसतं. ६० मीटरवर तीच फ्रेम ९० मीटर रुंदीची होते, एका पिक्सेलमध्ये सव्वादोन सेंटिमीटर मावतात आणि डोकं सहा-सात पिक्सेलांचं उरतं. कागदावर हे वाचलं की वाटतं, ६० मीटरवर कुणाची ओळख पटणारच नाही, विषय संपला.

स्क्रीनवर तसं झालं नाही. १५ मीटरवर आक्कांच्या गच्चीवरचं सांडग्यांचं ताट दिसलं, दोरीवरची साडी दिसली आणि कठड्याला टेकून उभी असलेली त्यांची धाकटी जाऊ आक्कांनी झटक्यात ओळखली. ६० मीटरवर चेहरा गेला, अंगकाठी गेली, नुसता ठिपका राहिला. तरी तात्या म्हणाले, "ही आक्काची गच्ची. ह्या वक्ताला तिथं दुसरं कोण असणार?" त्या एका वाक्यानं माझा पिक्सेलांचा हिशेब अपुरा ठरवला. गल्लीत माणूस जागेवरून आणि वेळेवरून ओळखू येतं, चेहरा दिसायची गरजच नसते. तेव्हा "एवढ्या उंचीवरून काही दिसत नाही" हे आपलं ठरलेलं उत्तर मी देणं सोडलंय. तुम्हीही सोडावं असं कळकळीनं सांगतो. काय दिसतं ते दाखवायचं आणि मग त्यांना विचारायचं.

आक्कांनी स्क्रीन परत दिला आणि सांगितलं, "शनवारी सकाळी आमी बायका न्हाऊन केस वाळवत बसतो. शनवारचं सोडून उडीव." शनिवार सकाळ बंद. कुठल्याही नकाशात सापडणार नाही अशी ही माहिती विचारल्यावर एका वाक्यात मिळाली. चैत्र-वैशाखात शेजारच्या गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात तेव्हाही आमच्या गच्चीवरून टेकऑफ करत नाही. प्रॉपच्या, म्हणजे ड्रोनच्या फिरत्या पात्यांच्या, वाऱ्यानं स्लॅबवरची धूळ उडते ती सरळ त्यांच्या वाळवणाखालच्या धोतरावर जाऊन बसते. ते दिवस मी पिशवी उचलून नदीकाठच्या मोकळ्या रानातूनच उडवतो.

आता तंत्राकडे. माझी आधीची सवय, आणि बहुतेकांची तीच असेल, की गिम्बल (कॅमेरा वर-खाली वळवणारा सांधा) समोर क्षितिजाकडे ठेवून ड्रोन वर न्यायचा. पण तसं वर जाताना कॅमेरा समोरच्या घरांच्या पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांसमोरून एकेक करत जातो. म्हणून आता टेकऑफलाच गिम्बल पूर्ण खाली, उणे ९० अंशांवर. फ्रेममध्ये फक्त माझी गच्ची आणि माझी टाकी. गल्लीतल्या सगळ्यांत उंच घराच्या टाकीपेक्षा वर गेलो की गिम्बल लगेच क्षितिजावर. खालीच ठेवून आणखी वर गेलं तर फ्रेम रुंदावून चार घरांच्या गच्च्या आत येतात. ही वेळ साधायला थोडा सराव लागतो, मग बोटांना सवय होते. रेकॉर्डिंगचं बटण नदीची कड फ्रेममध्ये आल्यावरच दाबायचं. गल्लीचं फुटेज मुळात तयारच होत नाही, मग ते पुसायचा आणि कुणाला खुलासा करायचा प्रश्नच येत नाही.

घुटमळणं बंद, हा दुसरा बदल. खालच्या माणसाला कॅमेरा कुठं वळलाय ते दिसत नाही, रेकॉर्डिंग चालू आहे की नाही तेही कळत नाही. त्याला एवढंच कळतं की ते यंत्र थांबलंय की चाललंय. दुसऱ्याच्या घरावर ड्रोन थांबला, मग तुम्ही भले जीपीएस स्थिर व्हायची वाट बघत असाल, खालच्याच्या दृष्टीनं तुम्ही टक लावून बघताय. उपग्रहांची संख्या, कंपास, बॅटरी, वाऱ्याचा अंदाज हे सगळं मी माझ्याच टाकीवर उरकतो. तिथून निघाल्यावर गल्ली एका दमात ओलांडायची, वाटेत थांबायचं नाही.

रिटर्न टू होमकडेही लक्ष द्या. सिग्नल तुटला की ड्रोन ठरलेल्या उंचीवर जातो आणि सरळ रेषेत घर गाठतो, त्या रेषेत कुणाची गच्ची आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. नदीकाठावरून उडवताना होम पॉइंट काठावरचाच आहे ना, हे दर खेपेला तपासा. घरून उडवत असाल तर परतीची उंची गल्लीतल्या टाक्या, नारळ आणि मोबाईल टॉवर बघून ठरवा.

आवाजाबद्दल: अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलनं उतरतो, त्यामुळं उंची हाच पहिला उपाय. दुसरा उपाय प्रॉप. कडेला बारीकशी चीर गेलेला प्रॉपही कर्कश होतो आणि लोकांना त्रास होतो तो त्या बारीक, कानात घुसणाऱ्या सुराचाच. मी नखानं प्रत्येक पात्याची कड चाचपतो, नख अडलं की जोडी बदलतो. माझा पाच इंची एफपीव्ही (डोळ्यांना गॉगल लावून उडवायचा वेगवान ड्रोन) गल्लीत बाहेरच काढत नाही. त्याचा आवाज वस्तीत सहन करायला लावणं बरोबर नाही, त्याला शिवार आहे.

कायद्याचं थोडक्यात, कारण नवीन पोरं विचारतात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या पट्ट्यात, म्हणजे आधी परवानगी न घेता उडवता येतं तिथं, १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. पण उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्यानं आपल्याकडे तो आकडा सरसकट धरता येत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात मुभा ६० मीटर, म्हणजे २०० फुटांचीच. त्याहून आत परवानगीशिवाय नाहीच. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा उडवायच्या दिवशी उघडून बघायचा, मागच्या महिन्यात बघितला होता हे चालत नाही. दोन किलोपर्यंतचा ड्रोन निव्वळ छंदासाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेतल्या की तो छंद राहत नाही. पन्हाळ्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि तिथल्या कड्यांना आग्या मोहोळं असतात, तेव्हा परवानगी मिळाली तरी कड्याला चिकटून उडवू नका. गणपतीत आणि यात्रेत बंदीचे आदेश निघतात, ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या. आदेश नसला तरी गर्दीच्या डोक्यावरून मी नेत नाही.

खाजगीपणाच्या बाजूनं बघायचं तर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं तो मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय. बाईचं तिच्या खाजगी क्षणी चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई वेगळं आहेच. तरी आपला बहुतेक शेजारधर्म या कलमांपर्यंत पोचायच्या कितीतरी आधीच सुरू होतो. आक्कांचा शनिवार कुठल्या कलमात बसतो? बसत नाही, आणि तरी तो पाळायचा.

फुटेज मागायला येणाऱ्यांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय. गावात ड्रोन आहे हे कळलं की लोक कामं घेऊन येतात. तालमीच्या पोरांना मैदानाचा व्हिडिओ हवा असतो, तो आनंदानं करून देतो. पण यंदा ओळखीतले एक मामा आले. त्यांचा शेजाऱ्याशी बांधाचा वाद. "त्यानं बांध कोरलाय, तू वरनं एक फोटो काढून दे, आमी दाखवतो त्येला." मी नाही म्हटलं. ते नाराज झाले, चहा अर्धा टाकून गेले. नंतर घरी जाऊन समजावलं की माझ्या फोटोत लेन्सची वक्रता असते, जीपीएस मीटर-दोन मीटर इकडंतिकडं होतं, आणि बांधाचं भांडण हातभराचं असतं. त्याला भूमी अभिलेखची मोजणीच लागते. हे तांत्रिक कारण खरंच आहे. पण मोठं कारण वेगळं आहे आणि तेही त्यांना सांगितलं. एकदा माझा ड्रोन एकाच्या बाजूनं दुसऱ्याच्या रानावर गेला की यापुढं तो ज्याच्या रानावरून जाईल तो प्रत्येक जण विचारणार, हा कुणाच्या सांगण्यावरून आलाय? २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या गावांवर रात्री ड्रोन फिरताना दिसले तेव्हा लोकांनी रात्र-रात्र जागून पहारे दिले. त्या दिवसांपासून मी सूर्य मावळल्यावर उडवतच नाही.

फोटो देतानाही एक जपा. आपल्या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ते गळून जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसेच राहतात. व्हिडिओबरोबर येणाऱ्या एसआरटी फाइलमध्ये सेकंदासेकंदाची जागा असते. कुणाच्या घराचा फोटो त्या घराबाहेर जाणार असेल तर हे काढून मगच द्या.

पुराचं वेगळं सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. माझ्या मालिकेत पुराचं चित्र हवं, हा मोह मोठा आहे. माझं ठरलंय असं: पाणी इशारा पातळीच्या खाली असेतोवर वळण टिपायचं, पातळी गाठली की ड्रोन पेटीत. बचावाची बोट आणि हेलिकॉप्टर यांच्यासाठी आकाश मोकळं लागतं हे एक. दुसरं असं की घर पाण्यात गेलेला माणूस स्लॅबवर गाठोडं घेऊन बसलेला असतो, त्याला तोंड लपवायलाही जागा नसते. त्या माणसाचं चित्र काढायचा हक्क मला कुणी दिलेला नाही. मालिकेत त्या महिन्याची जागा रिकामी राहिली तरी चालेल.

आता पुढचं काम. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा गाळप हंगाम लागेल आणि माझ्या वळणाच्या काठावर ऊसतोड टोळ्यांच्या खोपी पडतील. सगळ्यांत अवघड उड्डाण हेच आहे आणि त्याची तयारी आत्तापासून करतोय. टोळीतल्या बायांना गच्ची नाही, भिंत नाही. चार काठ्यांना साडी गुंडाळून केलेला आडोसा, त्याला छप्पर नाही. रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी तो आडोसा पुरतो, वरून बघणाऱ्यापुढं त्याचा काही उपयोग नाही. मुकादमाला विचारून भागणार नाही, कारण परवानगी त्याची नव्हे, त्या बायांची हवी. मी पहिल्या आठवड्यात ड्रोन न घेता नुसता जाऊन येणार आहे, टोळी फडावर किती वाजता जाते आणि खोपीत मागं कोण राहतं ते विचारणार आहे. मार्ग खोपींवरून न नेता पाण्यावरून नेतोय. त्यानं वळणाचा कोन थोडा बदलेल, तो पुढच्या महिन्यांतही तसाच ठेवेन म्हणजे मालिका तुटणार नाही. त्या मार्गाचा सराव रिकाम्या काठावर सुरू केलाय. पाण्यावरून जाताना खालचे सेन्सर गडबडतात आणि ड्रोन उंची सोडतो, त्यामुळं दहा मीटरच्या खाली उतरत नाही.

सांगलीकडची, कृष्णाकाठची कुणी मंडळी खोपींजवळ उडवत असतील तर टोळीशी बोलणं कसं सुरू केलं ते लिहा. आणि कमी आवाजाच्या प्रॉपची जोडी कुणी वापरली असेल तर बॅटरी किती कमी पुरते तेही सांगा. माझी जोडी मागवून झालीय, आली की बंधाऱ्याच्या रानात दोन्हींची तुलना करून पुढच्या नोंदीत आकडे देतो.