नऊ तासांचा ट्रक

मास्तरांनी टेबलावर ठेवलेली वही दोनशे पानी होती, हजेरीपटासारखी आखलेली. 'आगमन रा. 8.40, प्रस्थान प. 5.25.' रोजची एक ओळ. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी अक्षर फळ्यावरचं.

"वस्तीत कमर्शियल गाडी लावायला बंदी आहे ना? मग हा ट्रक उचला."

मी वाहतूक पोलिसात हवालदार, तेव्हा गोव्यात डिचोली भागात होतो. हा प्रश्न आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. पाटी पिवळी असली की ती गाडी वस्तीत लावता येत नाही, असं लोकांनी धरूनच ठेवलंय. मोटार वाहन कायद्यात तसं सरसकट काही नाही. 'नो पार्किंग'चा फलक लावायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची अधिसूचना लागते, त्याआधी पालिकेचं किंवा पंचायतीचं म्हणणं मागवतात. त्या गल्लीला फलक नव्हता.

राहिलं कलम 127. सार्वजनिक जागी बेवारस किंवा चालकाविना दहा तास किंवा जास्त उभी असलेली गाडी पोलीस उचलू शकतात. मी वही चाळली. साडेआठ तास, पावणेनऊ, एकदा नऊ तास दहा मिनिटं. सत्तेचाळीस ओळींत दहा तास एकदाही भरत नव्हते. मास्तरांनी चिकाटीने जमवलेला पुरावा नेमका ट्रकवाल्याच्याच बाजूने बोलत होता. हे त्यांना सांगताना मला वाईट वाटलं.

तरी रात्री दहाला एका कॉन्स्टेबलला घेऊन गेलो. ट्रक होता, टपाला ताडपत्री, मागच्या फळीला चिऱ्यांची लाल धूळ. चालक शेजारच्याच घरातून बनियनवर बाहेर आला. खनिज वाहायला घेतलेली गाडी. 2012 ला खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, 2018 ला पुन्हा थांबल्या. आता चिरे आणि खडी मिळेल तेव्हा.

"सायबा, हांव गाडी खंय दवरूं? माथ्यार?"

गाडी ठेवू कुठे, डोक्यावर? मी उत्तर दिलं नाही, टेप काढला. तास मोजून काही होणार नव्हतं, रस्ता मोजायचा होता. गाडीमुळे इतरांना अडथळा किंवा नाहक त्रास होत असेल तर कलम 122 लागतं, तिथे दहा तासांची अट नाही.

गटाराच्या कडेपासून समोरच्या कुंपणापर्यंत 4 मीटर 60 सेंटिमीटर. ट्रक 2 मीटर 45. म्हणजे सव्वादोन मीटरही उरत नाही, पण नेटाने चालवली तर 108 ची गाडी जाईल. कॉन्स्टेबलने टॉर्च पलीकडे वळवला तेव्हा कळलं की ती जाणार नाही. ट्रकच्या बरोबर समोर, कुंपणाला चिकटून, दोन छोट्या गाड्या उभ्या होत्या. काळी पाटी, पिवळे आकडे. रेंट-अ-कॅब, स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या. प्रत्येकी 1 मीटर 70. बाकी उरलं 45 सेंटिमीटर. स्कूटरचं हँडलसुद्धा त्यातून जात नाही.

"या कोणाच्या?" मी विचारलं.

चालक गप्प. उत्तर मास्तरांच्या गेटातून आलं. मुलगा बाहेर आला, मागून मास्तर, हातात तीच वही.

"माझ्या आहेत. टुरिस्टांना देतो, कळंगुटला. इथे फक्त रात्री असतात."

फक्त रात्री! मास्तरांनी वही बगलेत धरली. सत्तेचाळीस दिवस त्यांनी गल्लीच्या एकाच बाजूला पाहिलं होतं. कोणाला दोष देणार? आपल्या घरची गाडी कोणालाच अडथळा वाटत नाही, माझ्याही घरासमोर भावाचा टेम्पो असतो.

मी तीन चलनं केली, ट्रकचं एक आणि कॅबची दोन, प्रत्येकी पाचशे. दुसऱ्यांदा सापडला तर पंधराशे, हेही सांगितलं. मुलगा चिडला: आम्ही तक्रार केली आणि आम्हालाच दंड? मास्तर मात्र काही बोलले नाहीत. पावती हातात घेऊन चष्मा वर करून त्यांनी कलम वाचलं, मग वहीतल्या शेवटच्या ओळीखाली पट्टी न लावता एक रेघ मारली. रेघ चक्क वाकडी गेली.

दुसऱ्या दिवशी कॅब अंगणात आल्या, त्यासाठी अबोलीचा वाफा काढावा लागला. ट्रक गावाबाहेरच्या माळावर जाऊ लागला, घरापासून पंधरा मिनिटं चालत.

तीन आठवड्यांनी तोच चालक चौकीवर. माळावरून बॅटरी गेली होती, टाकीतलं डिझेलही. ही तक्रार पोलीस ठाण्यात द्यायची, तरी मी कागद पुढे ओढला.

"गाडी किती वाजता लावली होती?"

"असेल साडेआठ, नऊ. पूर्वी वेळा मास्तर लिहायचे," तो म्हणाला, "आता कोण लिहिणार?"