मेटतळ्याचं वळण

गेल्या जुलैतली गोष्ट. धनकवडीतून महाडचं भाडं होतं. काका-काकू दोघंच. काकूंच्या बहिणीची पंचाहत्तरी, एकपर्यंत जेवायला पोचायचं. काका पुढं बसले, मांडीवर कापडी पिशवी. मी फोन होल्डरला लावला, महाड टाकलं, त्यानं भोरवरून वरंध घाट दाखवला आणि निघालो. 20 वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय. पावसाळ्यात वरंधचा भरवसा नसतो हे मला कुणी सांगायला नको. पण फोननं किती वाजता पोचाल ते दाखवलं की डोकं चालवावंसं वाटत नाही, खोटं कशाला बोलू.

भोरच्या पुढं बॅरिकेड. दरड आलेली, घाट बंद. हवालदार म्हणाला, "मांढरदेवीवरून वाईला उतरा, महाबळेश्वर करून पोलादपूर." जेवण गेलं, एवढंच काकू बोलल्या.

फोनला काही हे पटेना. दर फाट्याला 'यू-टर्न घ्या'. पसरणी घाट चढून पाचगणीला आलो तेव्हा कुठं त्यानं ऐकलं. महाबळेश्वर सोडलं आणि धुकं उतरलं, रेंज गेली. रेंज गेली तरी निळा ठिपका चालत राहतो, कारण आपण कुठं आहोत ते उपग्रहावरून कळतं. नकाशा मात्र नेटवरून येतो, तो येईना. नुसत्या करड्या पाटीवर एक ठिपका सरकत होता. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मी पुन्हा पुन्हा बघत होतो.

मेटतळ्याच्या वळणांवर मी बोटानं तो नकाशा मोठा करायला गेलो. गाडी 40 ला. 2 सेकंद नजर खाली म्हणजे 22 मीटर, एकामागे एक उभ्या केलेल्या 5 एर्टिगा. मान वर केली तर धुक्यातून एसटीचे दिवे, आणि माझं उजवं चाक पट्टीच्या पलीकडं. एसटीवाल्यानं पार गटारापर्यंत दाबली म्हणून निभावलं. टक्क आवाज झाला, माझा उजवा आरसा मिटून काचेवर आपटला. बस्स, तेवढंच.

पुढं जागा बघून गाडी थांबवली. क्लचवरचा पाय थरथरत होता. काकूंचा जप सुरू होता. गंमत अशी की मी कायद्यात बसत होतो. ऑक्टोबर 2020 पासून नियमच आहे, गाडी चालवताना मोबाईल फक्त रस्ता बघण्यापुरता चालतो, लक्ष विचलित होऊ न देता. रस्ताच बघत होतो की मी! नियमातलं पुढचं अर्धं वाक्य तेवढं निसटलं.

काका एक शब्द बोलले नाहीत. फोन काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि पिशवीतून नकाशा काढला. महाराष्ट्राचा, छापील, घड्या फाटलेल्या, मागून सेलोटेप. स्कूटरवरून फिरलेले रस्ते लाल पेनानं गिरवलेले. त्यांनी तो पूर्ण उलगडला तशी माझी डावी बाजूच गेली.

"काका, आरसा दिसत नाही."

"हो हो," म्हणत त्यांनी घड्या घालून तो वहीच्या पानाएवढा केला. कागद आहे म्हणून लगेच साधू होत नाही. एकट्या ड्रायव्हरनं स्टेअरिंगवर पसरून वाचला असता तर तोही एसटीखाली घेऊन गेला असता.

"आता कुंभरोशी. तिथं प्रतापगडाचा फाटा येईल, तो सोडायचा. मग आंबेनळी, थेट पोलादपूर. मधे काही वळायचं नाही. तुम्ही फक्त पुढं बघा."

सेकंड गिअर टाकला. घाटभर मी एकदाही मान खाली घातली नाही. काका अधूनमधून सांगायचे, मी 'हां' म्हणायचो.

पोलादपूरला चौपदरी हायवेवर आलो आणि काकांचा नकाशा संपला. त्यात हायवेचा नंबर अजून 17 होता. तो 66 होऊन कितीतरी वर्षं झाली. सर्व्हिस रोड, वर चढायची जागा, यातलं काहीच त्या कागदाला माहीत नव्हतं. काका हसले, ड्रॉवर उघडला, फोन काढला. पण होल्डरला लावला नाही, हातातच धरला.

महाडला पोचायला अडीच वाजले. पंगत उठली होती, आम्हाला तिघांना वेगळी पानं मांडली. आरशाचे पैसे काका देत होते, मी घेतले नाहीत.

येताना माणगाववरून ताम्हिणीनं आलो. काकांना झोप लागली. मी फोनकडं हात नेणार इतक्यात मागून काकूंचा हात आला. "द्या इकडं." त्यांनी चष्मा लावला. बाई आतून 'आठशे मीटरवर उजवीकडे वळा' म्हणाली. काकू म्हणाल्या, "आठशे मीटर म्हणजे किती ते मला नाही कळत. आला फाटा की सांगते मी."